किल्लेदाराचे रक्तदाते

लुबना शेख केजच्या एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायची आणि घरी आल्यावर रक्त पिणाऱ्याच्या कादंबऱ्या लिहायची. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध असणार असं सगळ्यांना वाटायचं. लुबना म्हणायची, लॅबमधल्या रक्तात गोष्ट नसते, नुसता नंबर असतो.

मोबाइलवर परदेशी व्हॅम्पायर बघताना तिने त्यांचे दोन नियम वहीत लिहून ठेवले होते. बोलावल्याशिवाय त्यांना कुणाच्या घरात पाऊल टाकता येत नाही, आणि लसूण त्यांना सोसत नाही. मग असला प्राणी बीड जिल्ह्यात आला तर त्याचं काय होईल, याचा ती विचार करत बसली. बोलावण्याची अडचण नव्हती. आपल्याकडे दारात उभ्या माणसाला ‘या, बसा, च्या घ्या’ म्हटल्याशिवाय राहवत नाही. लसणाचं मात्र अवघड होतं. ठेच्यात लसूण, कालवणात लसूण, चटणीत लसूण. बिचारा आठ महिने उपाशी. पण चातुर्मास लागला, घरोघरी कांदा-लसूण बंद झाला, की त्याचे दिवस येणार.

एवढ्यावर तिने धारूरच्या किल्ल्यात निजामाच्या काळापासून न मेलेला एक किल्लेदार उभा केला. बघता बघता तीन भाग झाले: ‘धारूरचा किल्लेदार’, ‘किल्लेदाराचा चातुर्मास’ आणि ‘किल्लेदार बाजारात’. वाचणाऱ्याने घाबरावं असा तिचा हेतू होता. जे थोडे लोक वाचत ते हसत. आधी तिला याचं वाईट वाटे, मग वाटेनासं झालं.

पुण्याच्या एका प्रकाशकाने कळवलं होतं की मुस्लिम स्त्रीच्या जगण्यातलं वास्तव लिहा, मग विचार करू. म्हणून तिन्ही भाग तिने बीडच्या एका लग्नपत्रिकावाल्याकडून छापून घेतले. त्याला दुसरं काही येत नसल्यामुळे मुखपृष्ठाला लाल रंग आणि सोनेरी वेलबुट्टी आली. मधोमध किल्ला, आणि किल्ल्यापुढे फेटा बांधलेला पांढराफटक किल्लेदार.

तिचा नवरा तन्वीर गाड्यांच्या बॅटऱ्यांचं काम करायचा. रविवारी दुकान बंद ठेवून तो तिला आपल्या तीनचाकी टेम्पोतून पुस्तकांच्या खोक्यांसकट साहित्य संमेलनांना न्यायचा. कादंबऱ्या त्याने वाचल्या नव्हत्या, कारण त्याला भुताखेताची भीती वाटायची. पण स्टॉलवर तो ठामपणे सांगायचा, “लई भारी हाय. मी वाचलं न्हाई, पन हिला लिहिताना बघितलंय.”

या जानेवारीत नांदूरघाटला दोन दिवसांचं संमेलन भरलं. बद्रीनाथ गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, त्याचे कार्याध्यक्ष होते. मांडव आणि जेवण बबनरावांचं होतं. बबनराव म्हणजे त्या भागातले पुढारी, आणि त्यांचा वाढदिवस संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी यायचा होता. एकाच खर्चात दोन कामं व्हावीत म्हणून शाळेच्या मैदानाच्या टोकाला रक्तदान शिबिराचाही मांडव घातला होता. लुबनाचा स्टॉल त्याला चिकटून होता.

“विषय जुळतो म्हणून तुम्हाला तिथं दिलंय,” गुरुजी म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

पहिल्या दिवशी लोक आले, पुस्तकं चाळली, ठेवली. एका बाईने विचारलं, “असलं पुस्तक घरात ठेवलं तर चालतं का?” एका प्राध्यापकाने पाच पानं वाचली आणि लुबनाकडे पाहून विचारलं, “तुम्ही स्वतः लिहिलंय? मराठीत?”

“न्हाई तर काय मी लिहिलं?” तन्वीर म्हणाला.

शेजारी स्पर्धा परीक्षेच्या गाइडांचा स्टॉल होता. तिथे उभं राहायला जागा नव्हती. लुबनाच्या दोन प्रती गेल्या, त्यातली एक गुरुजींनी संकोचाने घेतली.

दुपारी परिसंवाद होता, ‘मुस्लिम मराठी साहित्य: वेदना आणि विद्रोह’. आपण व्हॅम्पायरवर लिहितो हे लुबनाने फोनवर दोनदा सांगितलं होतं, आणि गुरुजी दोन्ही वेळा म्हणाले होते, “तीच तर वेदना.” ती व्यासपीठावर उभी राहिली आणि दहा मिनिटं लसणाबद्दल बोलली. चातुर्मासातली किल्लेदाराची लगबग तिने सांगितली, तेव्हा मागे पेंगणारी माणसं जागी होऊन हसली. अध्यक्षांनी समारोपात सांगितलं की किल्लेदार हे शोषक व्यवस्थेचं प्रतीक आहे आणि लसूण हा श्रमिकांचा प्रतिकार आहे.

लुबनाने माइक पुन्हा मागून घेतला. “सर, लसूण म्हणजे लसूणच आहे.”

“हा विनय बघा,” अध्यक्ष म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्तपेढीची गाडी आली, पण दोघांऐवजी एकच टेक्निशियन घेऊन. दुसरा तापाने पडला होता. पेढीचे डॉक्टर लुबनाला ओळखत होते. लॅबमध्ये लागण्याआधी तिने दोन वर्षं त्यांच्याच हाताखाली काढली होती.

“लुबना, जरा हात देतेस?” त्यांनी विचारलं.

स्टॉलवर तसंही कुणी येत नव्हतं. ती गेली.

तिथली खरी अडचण वेगळी होती. बबनरावांनी शंभर पिशव्यांचा संकल्प फ्लेक्सवर छापला होता, आणि अकरा वाजेपर्यंत सात जण आले होते. मागच्या वर्षी रक्तदात्यांना हेल्मेट मिळालं होतं. यंदा स्टीलचे डबे मिळायचे होते, पण डब्यांचा टेम्पो घाटात बंद पडला होता. पोरं मोटारसायकलवरून यायची, “डबे आले का?” म्हणून विचारायची, आणि गाडी वळवून निघून जायची.

बबनरावांचा स्वीय सहायक सोमेश्वर मांडवाच्या तोंडाशी घामाघूम उभा होता. त्याच्या हातात डब्यांवर चिकटवायचे गोल स्टिकर होते. त्यावर बबनरावांचा हसरा चेहरा आणि खाली ‘सप्रेम भेट’. इकडेतिकडे बघताना त्याची नजर शेजारच्या सोनेरी पुस्तकांवर गेली.

“किती हायत?” त्याने तन्वीरला विचारलं.

“शंभराच्या वर हायत. तिन्ही भाग मिळून.”

सोमेश्वरने तिथूनच फोन लावला. “साहेब, पुस्तकं हायत. जाड हायत, दिसायला बी चांगली. न्हाई, धार्मिक न्हाई वाटत. वर किल्ला हाय.” त्याने फोन ठेवला. “साहेब म्हनले, किल्ला हाय म्हंजी ऐतिहासिक हाय. द्या समदी.”

लुबना एका रक्तदात्याचा दंड बांधता बांधता म्हणाली, “अहो, ही एकच गोष्ट आहे, तीन भागांतली. क्रमाने वाचावी लागते. एकेकाला एकेक भाग देऊन कसं चालेल?”

“म्याडम,” सोमेश्वर समजुतीच्या सुरात म्हणाला, “आमी वाचायला कुठं देतोय? भेट देतोय.”

त्याने छापील किमतीने रोख पैसे तन्वीरच्या हातावर ठेवले. लुबनाच्या हातात सुई होती, तिला जागचं हलता येत नव्हतं. सोमेश्वरची माणसं स्टिकर लावत होती ते ती लांबून बघत राहिली. पुस्तकावर मोकळी जागा एकच होती, मधोमध, फेट्याखाली. किल्लेदाराच्या पांढऱ्या तोंडावर बबनरावांचा चेहरा अगदी मापात बसला.

माइकवरून पुकारा झाला, ‘प्रत्येक रक्तदात्यास एक ऐतिहासिक ग्रंथ’. त्याने फारसं कुणी हललं नाही. मग स्वतः बबनराव येऊन मांडवात खुर्ची टाकून बसले. आता आलेल्या माणसाला परत फिरणं अवघड झालं. बाज रिकामी राहीना.

निम्म्या लोकांचं रक्त लुबनानेच काढलं. पडल्या पडल्या ते विचारायचे, “हे बुक कशावर हाय?”

“रक्त पिणाऱ्या माणसावर.”

“कुनी लिहिलं?”

“मी.”

एक जण तिच्याकडे बघत राहिला, मग त्याने पिशवीकडे बघितलं आणि त्याला घेरी आली. डॉक्टरांनी त्याचे पाय वर करायला लावले.

चारच्या सुमाराला शंभर पूर्ण झाले. रिकाम्या टेम्पोतून घरी जाताना तन्वीर खुशीत होता.

“सगळी गेली,” लुबना म्हणाली, “आणि वाचणारा एक नाही.”

तन्वीरने स्वतःही वाचली नव्हतीच.

तीन आठवड्यांनी छबुबाई नावाची एक म्हातारी नांदूरघाटहून लॅबमध्ये साखर तपासायला आली. रक्त काढून झालं तरी ती उठेना.

“तुमीच त्या किल्लेदारवाल्या ना? आमच्या पोरानं रगत दिलतं. त्याला दुसरा भाग आला. नात वाचून दावती दुपारची. पन आमाला कळंना, ह्याला पयल्यांदा घरात घेतलं कुनी? मग हुडकलं. पयला भाग निघाला गिरनीवाल्याकडं. त्याचं आन आमचं पाच वर्सं बोलनं न्हाई. बांधावरून भांडान.”

“मग?”

“मग काय. गेलतो. त्याला तिसरा पायजे व्हता. तो सोसायटीच्या चेअरमनकडं. आता समदे गिरनीतच बसत्यात. दळन ऱ्हातं बाजूला.”

चार वर्षं संमेलनांत हिंडून लुबनाला जे जमलं नव्हतं ते भलतीकडेच झालं होतं.

“पन म्याडम,” छबुबाईने आवाज खाली आणला, “बबनरावाला तुमी लई बरोबर वळखलं.”

“बबनरावांना? त्यांचा काय संबंध?”

“तोंड हाय की वर. बोलावल्याबिगर येत न्हाई, आन आला की जात न्हाई. च्या बी पितो आन रगत बी पितो. समदं जुळतंय.”

लुबनाने घरी येऊन हे तन्वीरला सांगितलं. त्याने हातातला घास तसाच धरला. “त्यानं वाचलं तर?” एवढंच म्हणाला, आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, “न्हाई वाचनार.”

ते खरं ठरलं. गावोगाव आपल्याला लोक किल्लेदार म्हणतात हे बबनरावांच्या कानावर गेलं होतं, आणि त्यांना ते फार आवडलं होतं. महिन्याभरात केजच्या चौकात फ्लेक्स लागला. मागे किल्ला, पुढे फेटा बांधून हात जोडलेले बबनराव आणि खाली ‘जनतेचा किल्लेदार’. लॅबला जाता-येता लुबनाला तो बघावाच लागे. फ्लेक्सखाली थांबून लोक एकमेकांकडे बघत आणि हसू दाबत पुढे जात. बबनरावांना ते प्रेम वाटायचं.

मग एके दिवशी दुपारी सोमेश्वर लॅबमध्ये आला. साहेबांचा रिपोर्ट घ्यायचा होता. रिपोर्ट मिळाल्यावरही तो बाकावर बसून राहिला. गर्दी ओसरली तेव्हा उठून लुबनाच्या खिडकीशी आला.

“मी तिन्ही वाचली,” तो म्हणाला.

लुबनाचे हात थांबले. “साहेबांना सांगितलं?”

“काय सांगू? त्यांनी विचारलं, चांगलं लिहिलंय का. म्हनलं, लई अभ्यासपूर्ण हाय. पयल्यांदा वाचलं तवा मी बी हसलो. दुसऱ्यांदा वाचताना दिसलं की त्याच्यात मी बी हाय.”

“कुठे?”

“तो हुजऱ्या. किल्लेदाराच्या म्होरं जाऊन दार वाजवतो, घरच्यांशी गोड बोलतो, त्यांच्याकडून ‘या, बसा’ वदवून घेतो. मग मागून किल्लेदार येतो, आन हा बाहीर चपला सांभाळत बसतो. सोळा वर्सं मी तेच करतोय.”

“सोमेश्वरभाऊ, तो तुम्ही नाही. ते लिहिलं तेव्हा मी तुम्हाला ओळखतही नव्हते.”

“म्हनून तर वाईट वाटलं,” सोमेश्वर म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. लुबनाला राग परवडला असता. तिने त्याला बसायला स्टूल दिलं. तो बसला नाही.

“चौथा भाग येतोय म्हनं. किल्लेदार मरतो का त्याच्यात?”

“मरतो. लिहूनही झालंय.”

“एवडी निवडनूक होऊ द्या. मग मारा. साहेबांना आता त्या नावाची सवय झालीय.” रिपोर्टची घडी त्याने खिशात घातली, तो जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. “आन त्या हुजऱ्याचं काय होतं?”

“त्याचं अजून ठरलं नाही.”

“त्याला दुसरीकडं कुटंतरी कामाला लावा,” सोमेश्वर म्हणाला. “चपला सांभाळून सांभाळून कटाळला आसल तो.”

त्या आठवड्यात लुबनाने हुजऱ्याला धारूरच्या बाजारात कापडाचं लहानसं दुकान घालून दिलं. एका पानात उरकायचं म्हणून बसली होती, पण दुकानात गिऱ्हाइकं येत गेली आणि प्रकरण वीस पानांचं झालं. किल्लेदार त्यात कुठेच आला नाही. ती वीस पानं तन्वीरने वाचली. भुताचं काही नाही, असं तिने त्याला आधीच सांगितलं होतं.