मावशीसाठी रीडर

मावशीचे दोन्ही अंगठे सांध्यातून दुखायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी तिला जाड पुस्तकं हातात धरायला बंदी केली. मावशीने चौतीस वर्षं ग्रंथालयात नोकरी केलेली. तिचा चेहरा पाहून डॉक्टरांनाच वाईट वाटलं. "ई-बुक रीडर घ्या," ते म्हणाले, "पोस्टकार्डांच्या गठ्ठ्याएवढासुद्धा जड नसतो."

मावशीने भाच्याला फोन केला. इथेच ती चुकली.

भाच्याला घरात सगळे 'सल्लागार' म्हणत. नाव कौतुकाने पडलं होतं. पुढे कौतुक गळून गेलं आणि नाव तेवढं राहिलं. त्याला विचारल्याशिवाय कुणी साधा चार्जर घेत नसे, आणि त्याला विचारून घेतलेली वस्तू कुणाला चालवता येत नसे. त्याच्या वहिनीला तर टीव्ही लावायचा असला की दिराला ऑफिसात फोन करावा लागे.

"उद्याच दुकानात जाते," मावशी म्हणाली. "कुठला घेऊ तेवढं सांग."

"असं उठून दुकानात जायचं नसतं गं! आधी सांग, तू पानं डाव्या हाताने उलटतेस की उजव्या?"

"जो दुखत नसेल त्याने."

"पंधरा दिवस दे मला. सगळ्यांची तुलना लिहूनच देतो."

आता तुलना लिहायची, तर कॉम्प्युटरवर लिहायला धड एडिटर हवा. होता तो सल्लागाराला फार जड वाटायचा. दुसरा हलका निघाला, पण त्यात तक्ते येईनात. तिसऱ्यात माउसला हात न लावता सगळं करता येत होतं. फक्त तो बंद कसा करायचा हे शोधण्यात एक अख्खा रविवार गेला. चौथा त्याला पसंत पडला. मग त्याच्या पार्श्वभूमीला कुठला रंग द्यायचा, यावर आठवडाभर खल झाला.

"झालं का मावशींचं लिहून?" बायकोने विचारलं.

"शीर्षक झालंय."

तिने वाकून पाहिलं. "'तुलना'तला तु ऱ्हस्व असतो," ती म्हणाली आणि आत गेली.

दीड महिन्याने मावशीने आठवण करून दिली. "थांब, नवं मॉडेल येतंय," सल्लागार म्हणाला. नवं मॉडेल आलं. तेव्हा तो म्हणाला, "पहिल्या खेपेच्या मालात खोट असते, जरा दम धर." मावशीने दम धरला. खोट आहे की नाही हे कळेपर्यंत आणखी नवं यायची बातमी आली.

पाचव्या महिन्यात तो अकरा पानी तक्ता छापून मावशीकडे गेला. ती खिडकीशी बसून एक पातळसं चोपडं वाचत होती. तशीच सात चोपडी स्टुलावर रचलेली होती. सल्लागाराने एक उचललं. ते एकशे एकाव्या पानावर, अर्ध्या वाक्यात सुरू होत होतं.

"मावशी, हे काय? पुस्तक फाडलंस?"

"फाडलं नाही. ग्रंथालयाच्या बाइंडरकडून कापून घेतलं. आठशे पानांची कादंबरी, आठ भाग."

पानाचा कोपरा दुमडला म्हणून एका प्राध्यापकांना सगळ्यांदेखत झापणारी बाई होती ही.

"तो बिचारा कापायलाच तयार होईना," मावशी म्हणाली. "म्हणाला, बाई, टाका तिरका गेला की तुम्हीच माझी कातडी सोलायचात. मी पाठ फिरवून उभी राहिले, तेव्हा कापलं त्याने. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला." तिने पान उलटलं. "दुसऱ्या दिवशी मात्र नव्वद पानं वाचली."

सल्लागाराने तक्ता खाली ठेवला. त्याला खरंच लाज वाटली असावी, असं मावशीलाही क्षणभर वाटलं. मग त्याने ते चोपडं तळहातावर तोललं.

"वजन चांगलंय गं. तक्त्यात एक ओळ वाढवतो."

मावशीने चष्मा काढला. "तू स्वतः शेवटचं पुस्तक कधी वाचलंस रे?"

"माझ्याकडे चार हजार ई-बुकं आहेत, सगळी विषयवार लावलेली."

"वाचलंस कधी, विचारलं मी."

"अजून कव्हरं एकसारखी करतोय."

मावशीने चोपडं त्याच्या हातातून घेतलं, जागेवर ठेवलं आणि चपला घातल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मुलीने तिला तीन रीडर दाखवले. मावशीने तिन्ही एकेक करून धरून पाहिले आणि अंगठ्याला सोसला तो घेतला. जाऊन येऊन चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात सल्लागाराने फोनवर तक्त्याचे रकाने सारखे केले होते.

"हा?" खोक्यावरचं नाव वाचून तो कळवळला. "हा सतराव्या नंबरावर आहे! मला विचारायचं तरी!"

"पाच महिने विचारतच होते," मावशी म्हणाली.

तो फार दुखावला. "निदान सेटिंग तरी नीट करून देतो," म्हणत त्याने हात पुढे केला. मावशी तोवर दुकानातल्या मुलीने रीडरमध्ये भरून दिलेल्या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात शिरली होती. तिने मान वर न करता खुर्ची भिंतीकडे फिरवली.