चौथी सीट

यशोधराचा धाकटा भाऊ बुद्धभूषण म्युनिकला नोकरीला गेला आणि तिथल्या गाड्यांच्या प्रेमातच पडला. जन्म गेला बदलापुरात, पण बोलायला लागला की वाटावं, इकडची गाडी याने कधी पाहिलीच नाही. ऑफिसला जाता-येता तो व्हिडिओ काढायचा आणि ‘तिकडे आणि इकडे’ नावाच्या आपल्या चॅनेलवर टाकायचा. तिकडे दार कसं आपोआप उघडतं, लोक कसे अंतर ठेवून बसतात, डब्यात कोणी ब्रदेखील काढत नाही. तिकडची गाडी लेट झाली की मात्र याचा मोबाइल खिशात.

“कोणी बोलतच नाही तर तुमचा वेळ जातो कसा रे?” यशोधरा त्याला चिडवायची.

तिचा वेळ वेणूबाईंमुळे मजेत जायचा. वेणूबाई अंबरनाथच्या, घाटकोपरच्या एका शाळेत शिपाई. मुंबईकडे जायचं तर त्या आधी उलट्या बदलापूरला यायच्या, म्हणजे तीच गाडी मागे फिरताना बसायला मिळतं. अंबरनाथच्या बायका अशा आधीच जागा अडवून बसतात म्हणून बदलापूरच्या बायका त्यांच्या नावाने बोटं मोडतात. यशोधरानेही पुष्कळ मोडली होती. पण तिला दिवस गेल्याचं कळलं आणि वेणूबाई खिडकीच्या जागेवर पिशवी ठेवून तिची वाट बघायला लागल्या. “ये गं यशो, बस,” म्हणायच्या आणि स्वतः चौथ्या सीटवर टेकायच्या. तिघींच्या बाकावर चौथी म्हणजे अर्धं अंग बाहेर. रोज त्यांचं हे असं चालायचं, आणि कधी बोलून दाखवलं नाही.

आठव्या महिन्यात डब्यातल्या बायकांनी तिचं डोहाळजेवण केलं. “तुमच्यात ओटी भरत नाहीत ना?” वेणूबाईंनी आधीच विचारून घेतलं होतं. “मग फुलंच घालू.” त्यांनी रात्री बसून मोगऱ्याचा कंबरपट्टा ओवला होता. यशोधराला मध्ये उभं केलं, आणि उजेडात पिन शोधायला वेणूबाई तेवढ्यापुरत्या खिडकीशी बसल्या. बाकीच्या हसत होत्या, कारण पिन काही सापडत नव्हती. पायल नावाच्या उल्हासनगरच्या मुलीने ते सगळं मोबाइलवर घेतलं.

“ताई, मी नव्हतो तिथे. मला बघायचंय,” भूषण म्हणाला, म्हणून यशोधराने त्याला तो व्हिडिओ पाठवला. बघताना रडलो, असं त्याने कळवलं. तीही रडली.

आठवड्याने पायलने डब्यात मोबाइल पुढे केला. “यशोताई, ये देख. ये अपनाच डब्बा है ना?”

आधी म्युनिकची गाडी. एक तरुण उठून गरोदर बाईला जागा देतो. मग इकडची. पोट घेऊन उभी असलेली यशोधरा, हसणाऱ्या बायका आणि खिडकीशी, जणू काही दिसतच नाही अशी पिशवीत तोंड घालून बसलेली वेणूबाई. पिन सापडण्याच्या आधीच कापलं होतं. फुलं कुठेच नव्हती. खाली लोकांनी खिडकीतल्या बाईला तोंडाला येईल ते म्हटलं होतं. वेणूबाईंनी ते सगळं वाचलं, मोबाइल परत दिला आणि घाटकोपरला उतरल्या.

यशोधराने प्लॅटफॉर्मवरूनच भावाला फोन लावला.

“तुझ्यासाठीच केलं ताई. लोकांना कळू दे तुमचे हाल.”

“माझे कसले हाल? फुलं बांधायला उभं केलं होतं मला. तुला माहीत होतं ना?”

“माहीत होतं. पण ते दाखवलं असतं तर कोणी बघितलं असतं?”

“काढून टाक.”

“आत्ता कुठे चालायला लागलाय गं. दोन दिवस थांब, लोक विसरतात.”

परक्याने केलं असतं तर तिने चार शिव्या हासडून विषय संपवला असता. हा सख्खा भाऊ, याला तिने मांडीवर घेऊन जेवू घातलेलं. तिचं पोट, तिची माणसं आणि तिचा सगळ्यात सुखाचा दिवस त्याने बाजारात मांडला होता, आणि वर उपकाराची भाषा. तिच्या अंगाचा संताप झाला.

दुसऱ्या दिवशी ती डब्यात चढली. खिडकीच्या जागेवर पिशवी होती. वेणूबाईंनी ती उचलली आणि उभ्या राहिल्या.

“बसा मॅडम.”

“वेणूबाई,” यशोधरा बसत म्हणाली, “मी नाही टाकला. माझ्या भावाने—”

“व्हिडिओ त्याला दिला तो तुम्हीच ना?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “शाळेत मोठ्या बाईंनी बोलावलं. पोटुशीला उभं ठेवून बसता, लाज वाटत नाही का, म्हणाल्या. सून बोलत नाही घरात. मी पिन शोधत होते हे कोणाकोणाला सांगत फिरू?”

“आधी तुम्ही बसा.” यशोधरा उठायला लागली तशा आजूबाजूच्या चार-पाच जणी एकदम म्हणाल्या, “नाही नाही, उठू नका, बसा.” त्यांच्या बोलण्यात प्रेम नव्हतं, भीती होती. तिला साधं उभं राहायचीही सोय उरली नव्हती.

अंबरनाथ आलं, उल्हासनगर आलं. पायल चढली आणि दुसऱ्या बाजूला गेली. डबा भरला, तरी यशोधराच्या बाकावर चौथी कोणी टेकली नाही. तिने सरकून जागा केली, हाताने सीट थोपटली. “वेणूबाई, या ना.”

“नको. परत कोणी शूट केलं तर?”

ठाण्याच्या आसपास भूषणचा मेसेज आला. ‘आज दिली ना सीट? बघ, फायदा झालाच की.’ ती वाचत असताना शेजारचीने चोरून तिच्या मोबाइलकडे पाहिलं आणि पदर सावरून तोंड फिरवलं. यशोधराने मोबाइल पर्समध्ये टाकला. डब्यात कोणी ब्रदेखील काढत नव्हतं. वेणूबाई तिच्यासमोरच कडीला धरून घाटकोपरपर्यंत उभ्या होत्या, आणि चौथी सीट रिकामीच राहिली.