त्रुटी क्रमांक चार

"त्रुटी क्रमांक चार." दाजींनी चष्मा नाकाच्या टोकावर ओढला आणि फाइलीतला कागद हातभर लांब धरला. "एसीचे पाणी विहित मार्गाने न जाता शेजारच्या अंगणात पडल्यामुळे तेथील श्रीमती शकू यांचे पोह्याचे पापड, नग दोनशे दहा, भिजून निकामी झाले. सबब सदर नुकसानभरपाई कंत्राटदाराच्या देयकातून कापून घेण्यात यावी."

"कोण कंत्राटदार?" लतीफने विचारलं.

"तू."

लतीफ ओसरीवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत घाम पुसत बसला होता. रोह्याजवळच्या अष्टमीपासून पेणच्या रामवाडीपर्यंत, मे महिन्याच्या उन्हात, स्कूटरवरून ही त्याची चौथी खेप. आतल्या खोलीत त्यानेच बसवलेला एसी मजेत चालू होता आणि दाराच्या फटीतून येणारा गारवा त्याच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचून तिथंच संपत होता. एसी बसवून दीड महिना झाला होता. तांब्याचा जादा पाइप, स्टँड, नवी वायर आणि मजुरी मिळून नऊ हजार चारशे. त्यातले चार हजार मिळाले होते. उरलेल्या पाच हजार चारशेवर दाजी बसले होते.

बसले म्हणजे अगदी ठाण मांडून. दाजींची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत बिलं तपासण्याच्या टेबलावर गेलेली. तेहतीस वर्षं दुसऱ्याच्या बिलात चुका काढायच्या, खाली 'तपासले' म्हणून सही करायची आणि फाइल वर पाठवायची. 'मंजूर' म्हणणारा साहेब निराळा. तो कधी त्रुटी वाचायचा, कधी न वाचताच सही ठोकायचा. निवृत्तीनंतर आपल्याच घरात, आपल्याच पैशाने एक काम निघालं आणि दाजींच्या लक्षात आलं की इथं साहेबही आपणच. मग काय विचारता! दुसऱ्याच दिवशी पुठ्ठ्याची फाइल आली, तिला लाल फीत आली, आणि बिचाऱ्या लतीफच्या नशिबी त्रुटी आल्या. पहिली त्रुटी, बिल कागदावर नाही. दुसरी, स्टँडचा रंग भिंतीला जुळत नाही. तिसरी, पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प नाही. आणि आता हे पापड.

खरं सांगायचं तर पहिली त्रुटी लतीफने स्वतःच्या हाताने ओढवून घेतली होती. काम झाल्यावर दाजींनी विचारलं, "किती झाले?" तेव्हा हा भला माणूस मान खाली घालून म्हणाला, "द्या तुम्ही समजून."

"समजून म्हणजे किती?" दाजी म्हणाले होते. "आकडा सांग. समजूत ही रक्कम नाय."

लतीफला पैसे मागताच येत नसत. बावीस वर्षं कुवेतमध्ये त्याने एसी बसवले, पण तिथं पैसे कंपनी मागायची. दोन वर्षांपूर्वी तो कायमचा घरी आला, स्वतःचं काम सुरू केलं आणि मागण्याची वेळ आली की याची जीभ टाळूला चिकटायची. रोह्यापासून पेणपर्यंत निम्मी घरं त्याने थंड केली होती आणि त्यातल्या निम्म्यांनी त्याला खुशाल 'समजून' घेतलं होतं.

त्याची बायको आसिया याला वैतागली होती. कुवेतहून तिच्या भावाने, झुबेरने, पुन्हा व्हिसा पाठवला होता. शुक्रवारी होय की नाही ते कळवायचं होतं, आणि आज गुरुवार. सकाळी तिने व्हिसाचे कागद याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवले.

"तुमच्या तोंडाला काय कुलूप हाय? लोकांची घरं फुकट गार करताव नि माझं डोकं तापवताव. आज त्या पेणच्या दाजीकडं जा. स्वतःच्या तोंडाने पैसे मागा आणि घेऊन या. एका माणसाकडून आणा, एका! मग मी व्हिसाचं नाव काढणार नाय. नायतर मुकाट्याने बॅग भरा."

लतीफला जायचं नव्हतं. कारण सांगायला त्याला लाज वाटे, पण कारण होतं त्याची मुलगी हुदा. तो परत आला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि त्याला पाहुण्यासारखं "पप्पा, चहा घ्या, पप्पा, बसा" करायची. आणि गेल्या महिन्यात, ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून, ती पहिल्यांदा त्याच्यावर कडाडून ओरडली. लतीफला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी त्याने टॉवेल मुद्दाम पलंगावर टाकला. आता कुठं तो त्या घरातला झाला होता, आणि आता पुन्हा विमानात बसायचं?

म्हणून येताना त्याने वाटभर हेल्मेटच्या आत सराव केला. नागोठण्यापर्यंत हळू आवाजात, पुढे जरा चढ्या. वडखळला गाड्या तुंबल्या होत्या तिथं तर तो चक्क ओरडला, "आज पैसे घेतल्याबिगर मी हलणार नाय!" शेजारचा रिक्षावाला दचकून म्हणाला, "मी नाय हो घेतले तुमचे!"

आणि इथं ओसरीवर येऊन बसल्यावर सगळा सराव घामाबरोबर वाहून गेला.

"पाणी पापडांवर कसं जाईल, दाजी?" तो एवढंच म्हणाला. "पाइप मी मोरीत सोडलाय. क्लिपा मारून."

"मग जाऊन बघ. प्रत्यक्ष जागेची पाहणी. मी ना नाय म्हणत."

लतीफ घराला वळसा घालून मागे निघाला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून इंदुबाईंनी, म्हणजे दाजींच्या बायकोने, हळूच हात बाहेर काढला. हातात चहाचा कप होता.

"घे, पटकन पी. पुढच्या दाराने चहा देऊ देत नाय मेला माणूस. म्हणतो, बिल पेंडिंग असताना कंत्राटदाराला चहा पाजला तर संबंध दिसतो. तेहतीस वर्षांत कुणाचा कपभर चहा प्यायला नाय नि कुणाला पाजला नाय." तिने आवाज आणखी खाली आणला. "लतीफ, माझे साठवलेले पैसे हायत डब्यात. तूच घेऊन जा नि मिटव एकदाचं."

"नको, काकी. ते तुमचे."

"मग माग ना त्याच्याकडं! तो खडूस हाय, लबाड नाय."

लतीफने चहा संपवला आणि भिंतीकडे बघितलं. बघतो तर काय, त्याने मारलेल्या तीन क्लिपांपैकी खालच्या दोन उपटलेल्या. मोरीत उतरायचा पाइप तिथून उचलून थेट कुंपणाच्या भिंतीकडे ओढलेला. भिंतीलगत कढीपत्त्याचं झाड होतं, त्याच्या फांदीला पाइपचं टोक बांधलेलं. फांदी वाऱ्याने पलीकडे झुकली की पाणी थेंब थेंब शकूच्या अंगणात, आणि तिथं बाजेवर वाळत घातलेले पापड. कढीपत्त्याला फुकटचं पाणी मिळावं म्हणून कुणीतरी मोठी युक्ती केली होती. आणि पाइप बांधला होता लाल फितीने, फाइलीला असते तसल्या.

लतीफला हसू फुटायला लागलं ते त्याने गालात दाबलं. अख्ख्या रामवाडीत लाल फीत एकाच माणसाच्या घरात होती.

"काय मिळालं रे?" खिडकीतून इंदुबाईंनी विचारलं.

एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं. इंदुबाईंनी दाजींना जन्मभर ऐकवलं असतं, आणि भिंतीपलीकडून शकूने रामवाडीभर केलं असतं. लतीफने गाठ सोडली, फीत खिशात टाकली आणि पाइप मोरीत उतरवून नव्या क्लिपा ठोकल्या.

"काय नाय, काकी. क्लिप निघाली होती."

तो ओसरीवर आला. दाजी कपातीची रक्कम मांडत होते. लतीफने फीत त्यांच्या फाइलीवर ठेवली, तिथल्या फितीच्या शेजारी. दोघी सख्ख्या बहिणी दिसत होत्या.

दाजींचं पेन थांबलं.

"ही कुठं मिळाली?"

"कढीपत्त्याला."

दाजींनी चष्मा काढून उगाचच धोतराच्या सोग्याला पुसला. म्हातारा एकदम लहान दिसायला लागला.

"पाणी फुकट जात होतं," ते पुटपुटले. "म्हटलं, झाडाला लावू. गाठ पक्की मारली होती मी. फांदी हलेल हे ध्यानात आलं नाय." आणि मग अगदी हळू, "कुणाला सांगितलंस?"

"नाय."

लतीफसमोर वडिलांच्या वयाचा माणूस मान खाली घालून बसलेला. 'राहू द्या, दाजी, द्या तुम्ही समजून' हे शब्द जिभेच्या टोकाशी आले, नेहमीच्या सवयीने, अगदी ओठांवर. त्याला आसियाने कपाशेजारी ठेवलेले कागद डोळ्यांपुढे दिसले. हुदाचा चढलेला आवाज आठवला. त्याने खुर्चीचे हात गच्च धरले.

"पाच हजार चारशे," तो म्हणाला. आवाज फुटला, पण आला. "पैसे द्या, दाजी."

दाजींनी वर बघितलं. मग फाइल ओढली, त्रुटी क्रमांक चारखाली लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "चूक मालकाची. कपात रद्द. देयक पूर्ण अदा करावे." खाली सही करायला पेन टेकवलं आणि ते अडखळले. तेहतीस वर्षांच्या सवयीने 'त' लिहिला गेला होता. तो खोडून त्यांनी सावकाश 'मंजूर' लिहिलं, लांबलचक सही केली, आणि त्या सहीकडे थोडा वेळ नुसतं बघत राहिले.

"इंदू!" ते ओरडले. "दोन कप चहा! पुढच्या दाराने!" आणि लतीफला म्हणाले, "आत येऊन बस. गार हाय."

लतीफ आत जाऊन बसला. आयुष्यात हजारभर खोल्या त्याने थंड केल्या असतील, पण चालू करून, हात लावून बघून तो बाहेर पडायचा. अशा खोलीत खुर्चीवर बसून चहा पिण्याची ही पहिलीच वेळ. इंदुबाईंनी चहा आणला तो जणू आजचा पहिलाच कप असल्यासारखा.

दाजींना मात्र चैन पडेना. ते चहा अर्धा टाकून उठले, मागच्या भिंतीशी गेले आणि घसा खाकरून म्हणाले, "शकू, पापडांचे पैसे माझ्याकडून घे. चूक माझी हाय. पाइप मी बांधला होता."

"मला म्हायती हाय!" पलीकडून शकूचा आवाज आला. "ती लाल फीत मी रोज बघतंय, दाजी. म्हणून तर तुमच्याकडं मागितले. मिस्त्रीकडं मागितले काय मी?"

खिडकीत इंदुबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. दाजी परत आले ते कुणाकडे न बघता कपाटाकडे गेले. पाच हजार चारशे मोजून त्यांनी लतीफच्या हातात दिले, स्टॅम्पवर त्याची सही घेतली. लतीफ उठला, पण दारात घुटमळला.

"दाजी, ती फीत मी घेऊ?"

"कशाला रे?"

"घरी एक फाइल हाय."

फाइल म्हटल्यावर दाजींच्या अंगात पुन्हा जीव आला. त्यांनी फीत हातात घेतली. "गाठी दोन असतात, लतीफ. चालू फाइलीची निराळी. एक टोक ओढलं की सुटते, कारण फाइल पुन्हा उघडायची असते. आणि ही बघ, रेकॉर्डला टाकायच्या फाइलीची. अशी फिरवायची, खालून काढायची. ही सुटत नाय, कापावी लागते." त्यांनी दोन्ही गाठी दोनदा दाखवल्या.

लतीफ अष्टमीला पोचला तेव्हा दिवस मावळत होता, मगरीबची अजान व्हायची होती. आसिया दारातच उभी होती. त्याने पैसे तिच्या हातात ठेवले.

"मागितले?"

"मागितले."

"तुमच्या तोंडाने?"

"तर काय त्यांच्या?"

तिने पैसे मोजले नाहीत. मुठीत धरून ती तशीच उभी राहिली. बावीस वर्षं ती दर दोन वर्षांनी विमानतळावर रडली होती आणि घरी येऊन भांडी घासली होती, आणि सकाळपासून आज तिने घरातलं एकूण एक भांडं घासून ठेवलं होतं. लतीफला ते चमकणारं फडताळ दिसलं आणि सगळं कळलं.

त्याने टेबलावरचे व्हिसाचे कागद गोळा केले, नीट ठोकून कडा सारख्या केल्या आणि खिशातून लाल फीत काढली. अशी फिरवली, खालून काढली. आसियाने गाठीचं टोक ओढून पाहिलं. मग आणखी जोराने ओढलं. गाठ सुटली नाही.

"आता हे कुठं ठेवू?" तिने विचारलं.

"वर. बॅगेवर."

कपाटावर त्याची ती मोठी निळी बॅग होती, तिच्यावर अजून विमानतळाची चिठ्ठी चिकटलेली. आसियाने स्टुलावर चढून कागद बॅगेवर ठेवले आणि पदराने डोळे पुसत खाली उतरली. म्हणाली, वर धूळ फार हाय.

तेवढ्यात आतून हुदा ओरडली, "पप्पा! पुन्हा टॉवेल?"

"आलो," लतीफ म्हणाला आणि टॉवेल उचलायला आत गेला.