खिडकीजवळचं टेबल

काकांनी हत्यारांची गुंडाळी टेबलावर ठेवली, सुतळी सोडली आणि मेण कापायच्या सुऱ्या एकेक करून जुन्या खाचांमध्ये लावायला घेतल्या. टेबल खिडकीजवळचं. गेला महिनाभर तिथे शेठ बसत होता. त्याचे दोन ब्रश आणि चहाचा मग अजून तिथेच पडले होते. त्याने ते घाईघाईने उचलले आणि छातीशी धरून बाजूला उभा राहिला.

दातांची लॅब होती ती. डॉक्टरांकडून साचे यायचे, इथे त्यांवरून कवळ्या आणि दातावर बसवायच्या कॅप बनायच्या. महिन्यापूर्वी याच खोलीत काकांना निरोप दिला होता. फुलं, दोन भाषणं आणि भिंतीवरचं एक घड्याळ.

"घड्याळ परत आणलं होतं," काका म्हणाले. "मॅडम घेईनात. म्हणाल्या, राहू द्या, निदान वेळेवर तरी याल."

प्लॅस्टर कालवता कालवता ताई हसली. "काकूंनी हाकललं ना? खरं सांगा."

"हो तर. म्हणाली, माझं डोकं खाण्यापेक्षा जा, दुसऱ्यांचे दात घासत बसा."

ताई शेठकडे वळली. "शेठ, तुमची खिडकी गेली बरं का! घ्या आता एखादी विकत, तुम्हाला काय कमी आहे?"

शेठही हसला. हसताना हातातला मग उगाच पुसत राहिला.

काका का परत आले, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं.

दीड वर्षापूर्वी शेठने फोनवर एक ॲप घेतलं होतं. शेअर बाजार शिकायचं. त्यात भाव खरे असतात आणि पैसे खोटे. सुरुवातीला ॲपच दहा लाख देतं, खेळा म्हणतं. त्याने एका पंप बनवणाऱ्या कंपनीत पाच लाख टाकले आणि चार महिन्यांत त्याचे दहा झाले. सुटीत ताईने मागून डोकावलं आणि ओरडली, "अगं बाई, हा तर शेठ निघाला!" तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं. त्याने ते गिळलं. पगार बेताचा, शिक्षण अर्धवट, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी अहो-जाहो करत होतं. थट्टेत का होईना.

मग एकदा काका जवळ आले. फोन उलटा धरून, लाजत. "त्या पंपवाल्या कंपनीत तू स्वतः आहेस ना रे?"

"आहे," तो म्हणाला होता.

बस, एवढंच. काकांनी साठवलेलं सगळं घातलं. भाव आणखी वर गेला तशी त्यांना हिंमत आली आणि हात थरथरायला लागलेत म्हणून त्यांनी नोकरी सोडली. निरोपानंतर आठवडाभरातच कंपनीच्या हिशेबात काहीतरी काळंबेरं निघालं. शेअर रोज घसरायला लागला. विकायला ठेवला तरी घेणारा नाही.

दुपारी बाकीचे खाली जेवायला गेले. काकांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"बस. उभा का?"

तो स्टुलाच्या कडेवर टेकला.

"तुझं किती गेलं?" काकांनी आवाज खाली आणला.

शेठने झाकणाकडे पाहिलं. चहावर साय धरायला लागली होती.

"सांगू नको, राहू दे. माझ्यापेक्षा जास्तच असणार. मला झोप लागत नव्हती तेव्हा वाटायचं, आपण तर म्हातारे, आपलं भागेल. या पोराने पोटाला चिमटा काढून जमवलं असेल." काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "आणि हे बघ, तुझं नाव मी कुणाला सांगितलं नाही. काकूलासुद्धा नाही. म्हटलं, माझंच डोकं फिरलं होतं."

"काका..."

"पिऊन टाक आधी."

शेठने फोन काढला. ॲप उघडलं आणि टेबलावर ठेवलं. काका डोळे बारीक करून वाकले.

"मला नाही दिसत रे हे."

टेबलाला लोखंडी हाताचं मोठं भिंग होतं, दिव्यासकट. दाताची कड तपासायचं. शेठने ते ओढून फोनवर आणलं. दिवा लावताना त्याचं बटण दोनदा चुकलं.

"आकडे नका बघू. सगळ्यात वरची ओळ वाचा."

काकांनी वाचली. कॅपमध्ये तडा शोधावा तशी, ओठ न हलवता. मग एकदा फोनकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"सरावाचं खातं," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे तुझे नव्हतेच."

"नव्हते."

"कधीच?"

त्याने मान हलवली. आता काका ओरडतील, असं त्याला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. "चला," ते म्हणाले, "तुझं तरी काही गेलं नाही."

शेठच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जिन्यात ताईचं हसणं ऐकू आलं. माणसं परत येत होती. त्याने फोन उचलायला हात पुढे केला, तेवढ्यात काकांनी त्याच्या तळहातावर सकाळपासून करत असलेली कॅप ठेवली. त्यांची बोटं थरथरत होती.

"हिची कड तू घासून दे. मला आज जमणार नाही."

"मी? समोरचा दात आहे, काका."

"म्हणून तर." काकांनी भिंग फोनवरून काढून त्याच्यापुढे वळवलं आणि स्वतः खुर्चीतून उठले. "आणि नीट कर. हे सरावाचं नाही. उद्या एका बाईच्या तोंडात बसायचंय."