मोरनीची भिंत

मी एक जुनी लाकडी भिंत आहे, मित्रांनो. घराची नव्हे, घोड्यांच्या ट्रॉलीची. आता माझी एकच फळी उरली आहे. ती लिंबाखाली दोन दगडांवर टाकली आहे, आणि येणारे-जाणारे तिच्यावर टेकतात.

लातूरच्या एका सुताराने मला आंब्याच्या फळ्यांतून जोडले. ट्रॉलीत मागे घोडी उभी राहायची, पुढच्या खणात माणसे राहायची. मधे मी. लगीनसराईत तुळजाबाई आणि तिचा मुलगा नरसिंग वरातीची घोडी घेऊन गावोगाव फिरत. चूल, अंथरूण, पाण्याची घागर, सगळे त्या खणात असे. माझ्यावर आरसा टांगलेला होता. लोक आत डोकावून म्हणत, "बंगलाच हाय की."

मागे मोरनी असायची. पांढरी घोडी, कपाळावर करडा ठिपका. पहाटे तहान लागली की ती खुराने माझ्यावर एकदा ठोकायची. ठक. तुळजाबाई अलीकडून बांगड्यांच्या हाताने दोनदा ठोकायची. ठक ठक. म्हणजे, आले गं. त्या दोघींचे हे बोलणे माझ्यातून जायचे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. कडबा मिळेना. मोरनी गाभण होती. शेवटच्या दिवशी ती मला रेलून उभी राहिली आणि तशीच खाली बसली. तिने एकदा ठोकले. तुळजाबाई टँकरच्या रांगेत होती. उत्तर कुणी दिलेच नाही.

काही दिवसांनी भर दुपारी मी वाजले. ठक. तुळजाबाईच्या हातातले पीठ खाली पडले. तिने दोनदा ठोकले, आणि मग ती खूप रडली.

मित्रांनो, आवाज माझा होता. ऊन चढले की वाळकी फळी आकसते आणि खिळ्यापाशी वाजते. पण लाकडाला जीभ नसते. पुढे कितीतरी वर्षे मी वाजत राहिले आणि ती उत्तर देत राहिली. मागे दुसरी घोडी आली, तरी भिंत मोरनीचीच राहिली.

मग लातूर जिल्हा झाला. ट्रॉलीच्या बाजूवर 'जि. उस्मानाबाद' होते. नरसिंगने त्यावर रंग मारून 'जि. लातूर' लिहून घेतले. पण ऊन पडले की खालची अक्षरे पुन्हा वर दिसत. त्याच सुमारास नरसिंगची बायको शरणम्मा तान्ह्या लेकीला, रत्नाला घेऊन निलंग्याकडच्या माहेरून आली. रत्नाची झोळी माझ्या अगदी अंगाला बांधली.

शरणम्मा बारीक नजरेची बाई. लेकीचा श्वास मोजत बसायची. पहिल्याच दुपारी मी वाजले आणि सासूने उत्तर दिले, तेव्हा तिने रत्नाला उचलून छातीशी धरले. घोडी गाभण असताना मेली, हे तिला कळले होते. तिच्या मनाने घेतले की मोरनी पिलू मागायला येते.

नरसिंग हसायचा. "एकीला घोडी ऐकू येती, एकीला भूत. मला तेवढं पोट वाजल्यालं ऐकू येतंय."

तेव्हा पुन्हा पाण्याची ओरड सुरू झाली होती. प्यायलाच पाणी नाही, तर घोडीची जागा कोण धुणार? तिचे मूत माझ्या खालच्या फळ्यांत मुरत गेले. मी आतून कुजू लागले. रत्ना खोकू लागली.

तुळजाबाईने मीठ-मोहरी ओवाळली. दिष्ट लागली म्हणाली. शरणम्मा मात्र बघत होती. लिंबाखाली नेले की लेक शांत निजते, आत आणले की खोकते. तिने भिंत काढा म्हणून हट्ट धरला. नरसिंगला आईचेही मन मोडवेना. त्याने फुलाफुलांचे चकचकीत मेणकापड आणले आणि माझ्यावर ठोकून टाकले. खण नवा दिसू लागला. आत मात्र माझा श्वास कोंडला. कापडामागे ओल धरली, काळी बुरशी चढली, आणि त्या फुलांच्या कडेने विषारी वास झिरपू लागला. मी तेच त्या लेकराला पाजत होते, आणि मला बोलता येत नव्हते.

एका दुपारी रत्नाला खोकल्याची अशी उबळ आली की ओठ निळे पडले. शरणम्माने तिला बाहेर वाऱ्यावर नेले, सावरले आणि नरसिंगच्या हाती दिले. मग आत येऊन मेणकापडाला नाक लावले. डोळ्यांतून पाणी आले. तिने ते कापड वरपासून खालपर्यंत फाडले.

तुळजाबाई मधे आली. "फळीला हात लावू नको, शरणे. ती जाईल."

"आत्याबाई, ती राहिली तर माझी लेक जाईल."

तेवढ्यात मी वाजले. ठक.

तुळजाबाईचा हात वर उचलला गेला. पण तिने ठोकले नाही. तळवा माझ्यावर टेकवला. मग स्वतःच जाऊन पहार घेऊन आली, आणि पहिली फळी तिनेच उचकटली.

आतले लाकूड काळे, ओले, लगद्यासारखे झाले होते. नरसिंगने नाकाला उपरणे लावले. फक्त वरची एक फळी धड होती. तिच्या मागच्या अंगावर खुराची अर्धी चंद्रकोर उमटलेली होती. तुळजाबाईने ती पदराने पुसली आणि बाहेर नेली.

नवी भिंत सागवानी आहे. मागून पत्रा, खाली हवा जायला बोटभर फट. पाणी नसले तरी रोज घोडीखाली चुलीची राख पसरतात आणि सकाळी झाडून घेतात. रत्नाचा खोकला गेला. ती माझ्यावर बसून बोरे खाते.

मित्रांनो, भिंतीला नुसते नटवू नका. कापड लावण्याआधी तिचा वास घ्या, पाठ तपासा, ओल कुठून येते ते बघा. आम्ही मुके असतो. आमचे दुखणे आधी तुमच्या लेकरांच्या छातीत बोलते.

एवढे सांगून मी थांबणार होते. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. परवा दुपारी रत्ना आत निजली होती. तिची आजी इथे माझ्यावर बसून कडबा निवडत होती. दुसरी घोडी वरातीला गेली होती, मागचा खण रिकामा होता. आणि नव्या भिंतीतून आवाज आला. ठक.

मी तर इथे बाहेर आहे. मुरलेले सागवान असे वाजत नाही, आणि पत्रा वाजला तरी लाकडासारखा ठक वाजत नाही.

तुळजाबाईने मान वर केली. क्षणभर ऐकले. मग बांगड्यांच्या हाताने माझ्यावर दोनदा ठोकले.