टॅबिथाच्या फाइलीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी खाकी फाइल आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. तीन शाळांच्या कपाटांत दिवस काढले असते तर तुमचाही झाला असता.

ओक्लाहोमातल्या एका लहान गावात, टॅबिथा ग्रिग्जबी आठवीत असताना, माझ्या पाठीवर तिचं नाव चिकटवलं गेलं. कोणत्या वर्षी कोणता विषय घ्यायचा हे ठरवून देणाऱ्या तिथल्या समुपदेशक स्टब्सबाईंनी माझ्या आतल्या बाजूला पेन्सिलीने पायऱ्या लिहिल्या. आठवीत बीजगणित, नववीत भूमिती, दहावीत पुढचं बीजगणित, अकरावीत कॅल्क्युलसची तयारी आणि बारावीत कॅल्क्युलस. टॅबिथाला पूल बांधणारी इंजिनिअर व्हायचं होतं. "बारावीत कॅल्क्युलस झालं नाही, तर तुला हव्या त्या कॉलेजात दार उघडणं कठीण," बाई तिला म्हणाल्या. "एक पायरी हुकली की वरची गेलीच म्हणून समज." तेव्हा मी नवीकोरी होते. मला वाटलं, लिहिलंय ना, मग होणारच.

टॅबिथाचे वडील पाइपलाइनवर वेल्डिंग करायचे. पाइपलाइन सरकली की घरही सरकायचं. नववीला त्यांचं बिऱ्हाड दुसऱ्या राज्यात गेलं आणि माझ्यामागची साडेसाती सुरू झाली.

आमच्याकडे प्रत्येक भागातल्या शाळा चालवणारं मंडळ वेगळं आणि प्रत्येक शाळामंडळाचं आपापलं शहाणपण असतं. या मंडळात भूमिती नावाचा विषयच नव्हता. तिथे सगळं एकत्र कालवून 'गणित दोन' आणि 'गणित तीन' शिकवायचे. टॅबिथा दोन्ही वर्षं मन लावून शिकली आणि पहिल्या पाचांत आली. भूमिती त्यातच झाली, पुढचं बीजगणितही झालं. पण माझ्या पोटातल्या गुणपत्रकावर नाव काय? तर 'गणित दोन', 'गणित तीन'. वर्षात काय शिकवलं याची दोन पानं सोबत होती. ती एका कारकूनबाईने झेरॉक्ससाठी काढली आणि यंत्रावरच विसरली. मी पाहत होते. तेव्हापासून माझ्याजवळ कोणी हात आणला की मला वाटतं, आता काय काढणार हा?

अकरावीला आम्ही तिसऱ्या मंडळात, कॅन्ससमधल्या शाळेत आलो. इथले समुपदेशक हॅवरकॅम्प. टेबलावर गोड गोळ्यांची वाटी, चेहऱ्यावर कायमचं हसू. मला हा माणूस पहिल्या मिनिटापासून खटकला. त्यांनी मला उघडलं, एका कागदावरच्या यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "काळजी करू नका. हिला भूमितीत बसवू."

टॅबिथाची आई रोवीना खुर्चीत पुढे सरकली. "भूमिती? ती तर नववीतली पोरं शिकतात. ही शिकलीय की सगळं."

"शिकली असेल हो, ताई. पण कागदावर भूमिती दिसत नाही ना."

"मग कॅल्क्युलस?"

"ते कॉलेजात गेल्यावर करेल. घाई कशाला?"

मी मनातल्या मनात ओरडत होते. पण फाइलीला तोंड असतं का? आणि खरं सांगायचं तर मला माझीच लाज वाटत होती. ती दोन पानं माझ्यातूनच गेली होती.

तेवढ्यात टॅबिथाने दप्तर उघडलं आणि चार वह्या टेबलावर ठेवल्या. दोन वर्षांतली एकेक चाचणी तारखेप्रमाणे लावून चिकटवलेली, त्यावर शिक्षकांचं लाल पेन. वर्तुळं, त्रिकोण, सिद्धता, सगळं.

"हे तू कशाला जपलंस गं?" आईने विचारलं.

"मला त्या फाइलचा भरवसा नव्हता, आई," टॅबिथा म्हणाली. "मागच्या शाळेच्या ऑफिसात पाहिलं होतं मी. तिची पानं कुठेही पडलेली असायची."

मित्रांनो, गंमत पाहा. मी साऱ्या जगावर संशय घेत बसले होते, आणि ही पोरगी माझ्यावर संशय घेत होती. तोही अगदी खरा.

हॅवरकॅम्पांनी वह्या चाळल्या. हसू हळूहळू मावळलं. त्यांनी गणिताच्या डेल्गाडोबाईंना बोलावून घेतलं. बाईंनी कोऱ्या कागदावर दोन गणितं घातली. टॅबिथाने ती उभ्याउभ्याच सोडवली. बाई म्हणाल्या, "हिला भूमितीत बसवलंत तर ही माझ्याच चुका काढेल. माझ्या कॅल्क्युलसच्या तयारीच्या वर्गात पाठवा."

मग हॅवरकॅम्पांनी खालच्या खणातून एक छापील अर्ज काढला. शाळेचा सल्ला बाजूला ठेवून पालकांना वरचा वर्ग मागता येतो, त्याचा अर्ज. रोवीनाने तो वाचला आणि मान वर केली.

"हा कागद होता तर मघाशी का नाही दिलात?"

"कोणी मागत नाही सहसा."

"मागायला आधी माहीत नको का, सर?"

हॅवरकॅम्पांनी पेन पुढे सरकवलं. रोवीनाने सही केली. मला हा माणूस का खटकला होता ते तेव्हा कळलं. तो वाईट नव्हता, आळशी होता. पण त्याच्या आळसाने मुलीचं एक वर्ष जाणार होतं, म्हणून मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

बारावीत टॅबिथाने कॅल्क्युलस केलं आणि इंजिनिअरिंगला तिला जागा मिळाली. शाळा सोडताना हॅवरकॅम्प म्हणाले, "ही फाइल आठवण म्हणून घेऊन जा."

टॅबिथा म्हणाली, "राहू द्या सर. माझं खरं काम माझ्या वह्यांत आहे."

आधी राग आला, मग पटलं. आता मी तळघरातल्या खोक्यात पडून आहे आणि धूळ खाते आहे. तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. मला नीट ठेवा, माझी पानं हरवू नका, पण माझ्यावर विसंबून राहू नका. तुम्ही जे शिकलात त्याचा पुरावा स्वतःजवळ जपा. आणि कोणी गोड हसून "काळजी करू नका" म्हणालं, तर तिथेच बसून राहा आणि विचारा, "सर, खालच्या खणात अजून कोणता अर्ज आहे?"