आधीच लिहिलेले ‘निरंक’

मित्रांनो, रुग्णालयाच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या तळाच्या कप्प्यात मी पडून असते. मी एक जुनी नोंदवही, तीही कचऱ्याची! पण रुग्णांकडून निघणारा कचरा साधा नसतो. भिजलेला कापूस, नळ्या, सुया यांतून आजार पसरू शकतो. म्हणून तो कोणत्या कक्षातून आला, किती भरला, कोणी नेला, हे माझ्या पानांवर रोज लिहायचे असते.

मी नवी होते तेव्हा थोरल्या सिस्टर मला सांभाळत. कचरा उचलणाऱ्या मावशी पिशवी काट्याला अडकवत आणि सिस्टर वाकून आकडा वाचत.

“दोन किलो एकशे चाळीस.”

“अहो सिस्टर, वरचे चाळीस सोडा की! भाजी घेतोय का आपण?”

“भाजीत सोडले असते, मावशी. इथे नाही.”

मग पिशवीवर कक्षाची चिठ्ठी लागे आणि तेच माझ्यातही लिहिले जाई. तपासणीला आलेले अधिकारी एकदा म्हणाले, “वही असावी तर अशी!” मी हुरळून गेले.

सिस्टर निवृत्त झाल्या आणि मी कारकुनांच्या टेबलावर आले. त्यांचे अक्षर मोत्यासारखे. सगळे त्यांना ‘टापटीप’ म्हणत. पुढे काटा बिघडला. दुरुस्तीच्या अर्जाला उत्तर आले नाही. रकाना रिकामा दिसला तर शेरा बसेल, म्हणून टापटीप दर सोमवारी आठवडाभराची वजने अंदाजाने भरू लागले. कुठे वीस ग्रॅम वाढव, कुठे तीस घटव. वजनच नाही, तर चिठ्ठ्या कशाला? त्याही बंद झाल्या. अपघाताच्या रकान्यात तर ते पहिल्या तारखेलाच महिनाभराचे ‘निरंक’, म्हणजे काही घडले नाही, असे लिहीत.

“साहेब, महिना सरला नाही, तोवर निरंक?” मावशींनी एकदा विचारले.

“शुभ बोला मावशी, शुभ!”

एका मंगळवारी पिशवी उचलताना मावशींच्या उजव्या तळहातात सुई गेली, हातमोज्यातून आरपार. सुई सुयांसाठीच्या पांढऱ्या डब्यात असायला हवी होती. कोणीतरी ती पिशवीत टाकली होती. डॉक्टरीणबाई धावत आल्या.

“पिशवी कोणत्या कक्षातली? चिठ्ठी कुठे आहे? वही आणा. रुग्ण सापडला आणि त्याचं रक्त चांगलं निघालं, तर मावशींच्या एचआयव्ही रोखायच्या गोळ्या तरी टळतील.”

मला उघडले. चारही कक्षांपुढे सुबक आकडे होते, अगदी येत्या शनिवारपर्यंतचे! बाईंचे बोट तिसऱ्या ओळीवर थांबले.

“हा कक्ष रंगकामासाठी पंधरा दिवस बंद आहे. मग हे दोन किलो सहाशे कुठून आले?”

“काटा बिघडलाय,” एवढेच टापटीप म्हणाले.

मावशी नळाखाली हात धरून उभ्या होत्या. “बाई, लेकीचं बाळंतपण तोंडावर आलंय. बाळाला घेऊ की नको?”

“घ्या हो. घेतल्यानं काही होत नाही. पण गोळ्या आजपासून, अठ्ठावीस दिवस. रक्त तीनदा तपासू, शेवटचं तीन महिन्यांनी.”

“तोवर?”

“तोवर वाट पाहायची.”

टापटीपांनी ‘निरंक’ खोडून अपघात लिहिला. त्यांचे अक्षर पहिल्यांदाच वाकडे आले. शेजारी त्यांनी तपासण्यांचे तीन रकाने आखले.

मावशी लेकीकडे गेल्याच नाहीत. गोळ्यांनी अन्न कडू लागे. बाळाचा फोटो आला, तेव्हा त्यांनी तो सगळ्यांना दाखवला, पण डाव्या हाताने. उजवा हात पाठीमागे होता.

पहिल्या दोन रकान्यांत ‘दोष नाही’ आले. तिसऱ्याआधी माझी पाने संपली आणि मला कपाटात ठेवले. नियमाप्रमाणे काही वर्षे मला जपायचे आहे.

मित्रांनो, तो तिसरा रकाना अजून कोरा आहे. मावशींचे काय झाले, मला ठाऊक नाही. उद्या तुमच्या हाती एखादी वही आली आणि काटा बंद असला, तर ‘काटा बंद आहे’ असेच लिहा. शेरा बसला तर बसू द्या. आणि कधी मावशी भेटल्या, तर माझ्यासाठी एवढे विचारा: बाळाला घेतले का?